राजवाड्यातले चित्र, देवघरातले चित्र

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या वर्गातील एक मित्र अस्तंब्याच्या यात्रेला जाऊन आला आणि परतल्यावर त्याने त्या डोंगराचे चित्र काढले. साधी पेन्सिल, पांढरा कागद. पण पहाटेचे धुके, वर चढणारी माणसांची रांग आणि दूरवर एकामागून एक विरत जाणाऱ्या सातपुड्याच्या रांगा त्याने अशा काही उतरवल्या होत्या की महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासमोर दोन दिवस गर्दी हटली नाही. पुढे आम्ही शिबिराची छोटी पुस्तिका छापायला दिली. तिच्या मुखपृष्ठावर हेच चित्र घालायचे असे सर्वानुमते ठरले. पुस्तिका छापून आली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. धुक्याच्या जागी काळपट डाग पडला होता, माणसांची रांग नाहीशी झाली होती आणि अस्तंबा कोळशाच्या ढिगासारखा दिसत होता.

दोष कोणाचा यावर बरीच चर्चा झाली. शेवटी एका जुन्या चित्रकला शिक्षकांनी आमचे डोळे उघडले. हातात देण्याचे चित्र वेगळे आणि छापण्याचे चित्र वेगळे, असे त्यांनी समजावून सांगितले. हातात देण्याच्या चित्रात पुसट छटा चालते, बोटाने पुसलेली सावली चालते. कारण तो कागद हेच चित्र असते. छापण्यासाठी काढलेला कागद म्हणजे चित्र नव्हे, ती चित्राची फक्त तयारी असते. तिथे काळी शाई हवी, रेघ ठाम हवी. सावली पुसून दाखवायची नाही, बारीक रेघा शेजारी शेजारी मारून दाखवायची. चित्र छापायच्या आकारापेक्षा मोठे काढायचे आणि लहान झाल्यावर कोणती रेघ टिकेल, कोणती बुजेल याचा हिशोब आधीच मनात ठेवायचा. मित्राने तोच डोंगर पुन्हा शाईने काढला. तो छान छापला गेला. पण ते धुके काही त्यात आले नाही, ही हुरहूर त्याच्या मनात राहिलीच.

मागणीवरून एकासाठी काढलेले चित्र आणि छापून हजारांना देण्याचे चित्र यांतले हे अंतर एका माणसाने आपल्या देशात सर्वात मोठ्या प्रमाणावर अनुभवले. त्याची किंमतही त्याला चुकवावी लागली. तो माणूस म्हणजे चित्रकार राजा रविवर्मा. शहादे तालुक्यातील आमच्या गावच्या घरी आजीच्या देवघरात लक्ष्मीचे एक जुने चित्र आहे. कमळावर उभी असलेली लक्ष्मी, शेजारी हत्ती, पाण्यात हंस. तिच्या साडीच्या काठावर कोणा हौशी हाताने जर आणि टिकल्या चिकटवल्या आहेत. काच धुराने पिवळी पडली आहे, तरी खालच्या कोपऱ्यात रविवर्मा प्रेस ही इंग्रजी अक्षरे अजून वाचता येतात. आजीला हे चित्र तिच्या सासूकडून मिळाले. हे कोणी काढले असा प्रश्न तिला कधी पडला नाही. तिच्या दृष्टीने ती लक्ष्मी आहे, एवढे पुरे. परंतु मला मात्र तो प्रश्न पडला आणि त्यातून हा लेख लिहावासा वाटला.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. नावामागे राजा हे बिरुद असले तरी ते कोणत्याही गादीवर बसलेले राजे नव्हते. त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरसंबंध असलेले त्यांचे घराणे जहागीरदाराचे होते. घरात संस्कृत काव्य, कथकळी आणि संगीत यांचे वातावरण होते. आई स्वतः कवयित्री होती, तर मामा राजराज वर्मा हे तंजावर पद्धतीची चित्रे काढीत. लहानग्या रवीने घराच्या भिंती कोळशाने रंगवल्या तेव्हा इतरांनी त्याला रागे भरले असेल. मामाने मात्र त्याचा हात ओळखला आणि पहिले धडे दिले. १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामा त्याला त्रिवेंद्रमला घेऊन गेले आणि महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारात त्याची ओळख करून दिली.

तैलरंग ही त्या काळी आपल्याकडे नवलाची गोष्ट होती. ते वापरावे कसे हे ज्यांना माहीत होते ते शिकवायला तयार नव्हते. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी आपले कसब राखून ठेवले. १८६८ च्या सुमारास थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार त्रावणकोरला आला; त्यानेही शिकवायचे नाकारले. महाराजांच्या शब्दाखातर त्याने फक्त एवढी मुभा दिली की आपण काम करीत असताना या तरुणाने उभे राहून पाहावे. रविवर्म्यांनी तेवढ्यावर समाधान मानले. रंग कसा कालवतात, एक थर वाळल्यावर दुसरा कसा चढवतात, कातडीवरचा उजेड कसा धरतात, हे सारे त्यांनी पाहून पाहून आत्मसात केले. विद्यालयात नाव न घालता शिकलेला हा विद्यार्थी. आपल्यासारख्या, सर्व सोयी असताना तास बुडवणाऱ्यांनी त्याची आठवण ठेवण्यासारखी आहे!

१८७० साली कालिकत येथील एका न्यायाधीशाच्या कुटुंबाचे चित्र काढून त्यांनी मोबदला घेतला. मागणीवरून केलेले हे त्यांचे पहिले काम. घरंदाज माणसाने चित्रासाठी पैसे घ्यावेत ही गोष्ट त्या समाजात रूढ नव्हती. रविवर्म्यांनी ती मोडली आणि चित्र काढणे हा व्यवसाय म्हणून पत्करला. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात, केस माळणाऱ्या नायर स्त्रीच्या त्यांच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. पुढे दुष्यंताला पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले. आता राजेरजवाडे, दिवाण, इंग्रज अधिकारी यांच्याकडून बोलावणी येऊ लागली.

मागणीचे काम कसे असते? समोर एक माणूस बसलेला असतो. त्याला आपला चेहरा ओळखू यायला हवा असतो, पण थोडा अधिक तेजस्वी. अंगावरचे दागिने मोजून यायला हवे असतात. चित्र कोणत्या दालनात लागणार, उजेड कोठून येणार, हे आधीच ठाऊक असते. चित्रकाराचा हात थेट मालकाच्या भिंतीवर जाऊन पोचतो; मध्ये तिसरा कोणी नाही. म्हणून अशा चित्रात मखमलीचा मऊपणा, मोत्यातली ओल, गालावरची हलकी छाया यांना पूर्ण वाव मिळतो. मर्यादा एवढीच की ते पाहणारे डोळे मोजके असतात.

या टप्प्यावर बडोद्याचा संबंध येतो आणि बडोदे आपल्याला परके नाही. आपल्या नवापूरच्या पलीकडे थोड्याच अंतरावर असलेले सोनगड ही गायकवाडांची पूर्वीची राजधानी. त्याच गायकवाडांच्या गादीवर कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातून दत्तक गेलेले सयाजीराव महाराज बसले. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती राज्यकारभार आला. त्या वेळी बडोद्याचे दिवाण होते सर टी. माधवराव. ते पूर्वी त्रावणकोरचे दिवाण असल्यामुळे रविवर्म्यांना चांगले ओळखत होते. त्यांच्यामुळे रविवर्मा बडोद्याला आले आणि एका मराठी संस्थानाशी त्यांचे जे नाते जडले ते अखेरपर्यंत टिकले.

१८८८ साली सयाजीरावांनी त्यांच्याकडे आयुष्यातले सर्वात मोठे काम सोपवले. नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांवर १४ चित्रे. मोबदला ५०,००० रुपये. त्या काळच्या ५०,००० रुपयांची आज कल्पना करणेही कठीण आहे. परंतु रविवर्म्यांना पैशापेक्षा एक अडचण मोठी वाटली. दमयंती, सुभद्रा, मेनका यांना नेसवायचे काय? मल्याळी वेश काढला तर उत्तरेकडील लोकांना त्या आपल्या वाटणार नाहीत. उत्तरेचा काढला तर दक्षिणेला वाटणार नाहीत. या शोधात ते धाकटे बंधू राजराज वर्मा यांना बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थानभर फिरले. अखेर त्यांच्या नायिकांच्या अंगावर बहुतेक वेळा जी आली ती साडी होती आणि पुष्कळदा ती मराठी पद्धतीने नेसलेली, नऊवारी होती. आजीच्या देवघरातली लक्ष्मी तिला परकी का वाटली नाही, याचे एक उत्तर येथे सापडते.

१८९० पर्यंत ही चित्रे पुरी झाली. नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका, शंतनू-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, हरिश्चंद्र-तारामती... बडोद्याला पाठवण्यापूर्वी ती त्रिवेंद्रमला आणि नंतर बडोद्यात लोकांसाठी मांडण्यात आली. पाहायला झुंबड उडाली. कीर्तनात ऐकलेली, पोथीत वाचलेली माणसे डोळ्यांसमोर हाडामांसाची उभी राहिलेली लोक प्रथमच पाहत होते. आणि मग ती चित्रे राजवाड्यात गेली. दरवाजे लागले.

हाच तो क्षण. ज्यांनी गर्दी केली होती त्यांच्यापैकी कोणालाही अशी चित्रे घेणे शक्य नव्हते. एका माणसाचे दोन हात किती घरांना पुरणार? माधवरावांनी १८८४ सालीच त्यांना पत्राने सुचवले होते की निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती करून घ्याव्यात. रविवर्म्यांनी पुढे एक पाऊल अधिक टाकले. प्रती परदेशात कशाला? छापखानाच आपल्या देशात का काढू नये? जर्मनीहून यंत्रे व कारागीर आणवून, गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत त्यांनी मुंबईला छापखाना उभारला. १८९४ साली त्यातून पहिले चित्र बाहेर पडले, ते शकुंतलेच्या जन्माचे.

ही छपाई कशी होत असे हे समजून घेतल्याशिवाय रविवर्म्यांनी काय मिळवले आणि काय गमावले ते कळणार नाही. तिला शिळाछाप म्हणतात. बव्हेरियातील विशिष्ट चुनखडीचा दगड गुळगुळीत घासून घ्यायचा. त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी राहते, तेलकट रेघेवर ते थांबत नाही. उलट छपाईची शाई तेवढ्या रेघेलाच धरते. कागद दाबला की चित्र उमटते. पण उलटे! म्हणून दगडावर सारे उलटे काढावे लागते. देवीच्या उजव्या हातातले कमळ दगडावर डावीकडचे उजवीकडे. शिवाय एका दगडावर एकच रंग. म्हणजे एका चित्रासाठी दहाबारा आणि कधी त्याहूनही अधिक दगड. पिवळ्याचा एक, गुलाबीचा दुसरा, निळ्याचा तिसरा. प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे; केसाएवढा सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर येणार. शेवटी वर रोगण चढवून तैलचित्राची चकाकी आणायची.

आणि या दगडांवर शाईचा हात चालवणारे रविवर्मा नव्हते. ते काम जर्मन कारागिरांचे आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आपल्या माणसांचे. मूळ चित्र समोर ठेवून ते त्याचे रंग मनातल्या मनात सुटे करीत. जेथे रविवर्म्यांच्या कुंचल्याने गालावरची छाया एका ओढीत, न कळत विरघळवली होती, तेथे त्यांना शाईचे असंख्य ठिपके द्यावे लागत. दाट ठिपके म्हणजे गडद, विरळ म्हणजे उजळ. आमच्या मित्राच्या धुक्याचा जो प्रश्न तोच हा. मूळ चित्रातला खोल अंधार छापील प्रतीत सपाट तपकिरी झाला, चेहरे थोडे बाहुलीसारखे झाले, साड्यांचे रंग भडकले. राजवाड्यातली दमयंती आणि छापील दमयंती शेजारी ठेवली तर ती दोघी बहिणी आहेत एवढेच म्हणता येईल.

मात्र नुकसान झाले एवढेच म्हणून थांबणे अन्यायाचे ठरेल. लक्ष्मी, सरस्वती यांसारखी चित्रे पाहिली तर ती छापण्याला किती अनुकूल आहेत हे ध्यानात येते. मूर्ती मधोमध, तोंड आपल्याकडे, कडा स्पष्ट. दुरून पाहिले, धुराने काळवंडले, काच तडकली, तरी ही कोण ते कळते. जे चित्र एका दालनात, एका उजेडात राहणार नाही, ज्याच्यापुढे रोज उदबत्ती लागणार आहे, त्याला हेच गुण हवेत. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे ज्यांना देवळाच्या पायरीवरूनच परत फिरावे लागे त्यांच्याही भिंतीवर आता देव आला. चार-आठ आण्यांचा तो कागद अडवायला तेथे कोणी पुजारी नव्हता.

छापखान्याचा व्यवहार मात्र रविवर्म्यांना झेपला नाही. चित्रे लोकांना हवी होती, तरी यंत्रे, दगड, पगार, कागद यांचा खर्च डोईजड होत गेला. हिशोबाचे बरेचसे ओझे राजराज वर्म्यांवर पडले. ते स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होते. थोरल्या भावाच्या चित्रांत पार्श्वभूमी रंगवणारे, प्रवासात सोबत करणारे, रोजनिशी लिहिणारे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळू लागली. भागीदारी मोडली. शतक संपता संपता छापखाना मुंबईबाहेर, लोणावळ्याजवळ मळवली येथे कार्ल्याच्या लेण्यांच्या परिसरात नेण्यात आला. तेथेही कर्ज फिटेना. ते भागवण्यासाठी रविवर्मा पुन्हा मागणीची कामे घेत फिरत राहिले. छापखान्याने गिळलेले पैसे राजेरजवाड्यांच्या तसबिरींनी भरून काढायचे, असा हा उलटा व्यवहार! हजारो घरांत ज्याचे नाव पोचले होते त्याला उतारवयात एकेका माणसाचा चेहरा रंगवून देणे भरावे लागत होते.

अखेर नव्या शतकाच्या आरंभी त्यांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. रक्कम २५,००० रुपये आणि त्याबरोबर ८९ चित्रांच्या प्रती काढण्याचा हक्क. हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एका महाराजाने १४ चित्रांचे ५०,००० दिले होते. संबंध छापखाना आणि ८९ चित्रांचा हक्क यांचे त्याच्या निम्मे आले. एकाला दिलेले चित्र श्रीमंत करून गेले, सर्वांना दिलेल्या चित्राने कर्जात घातले.

विक्रीनंतर छापखाना भरभराटीला आला. रविवर्म्यांच्या चित्रांबरोबर इतरांची चित्रे, दिनदर्शिका, कापडाच्या ठाणांवरची आणि आगपेट्यांवरची लेबले तेथून निघू लागली. नाव मात्र तेच राहिले, रविवर्मा प्रेस. त्यामुळे ज्या चित्रांना त्यांचा हात कधी लागलाच नाही तीही लोक रविवर्म्यांची म्हणून ओळखू लागले. मागणीच्या चित्रात हात आणि नाव एकत्र राहतात. छपाईत ती दोन्ही वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात.

तरीही त्या दगडांनी आपल्याला काय काय दिले! त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मळवलीच्या या छापखान्यात काही काळ काम करीत होते. चित्रे छापण्याचे कसब त्यांनी पुढे चालवले आणि १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांसमोर आणला. हरिश्चंद्र आणि तारामती प्रथम राजवाड्यात गेली, मग कागदावर आली आणि मग पडद्यावर हलू लागली.

१९०४ साली सरकारने रविवर्म्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. परंतु १९०५ च्या आरंभी राजराज वर्मा गेले आणि त्यांचा उजवा हातच तुटला. मधुमेहाने शरीर पोखरले होतेच. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, जेथे कोळशाने भिंती रंगवल्या त्याच किळिमानूरला त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या हयातीत आणि मागेही टीका पुष्कळ झाली. तंत्र युरोपचे, देव नाटकातल्या नटांसारखे, असे बंगालच्या नव्या संप्रदायाचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? आणखी एक आक्षेप मला स्वतःला जाणवतो. एकच छापील चेहरा घरोघर गेला की गावोगावची निराळी रूपे मागे पडतात. आपल्या सातपुड्यातल्या याहामोगी मातेचीही आज छापील चित्रे मिळतात. ती पाहताना कधी कधी वाटते की तिच्या चेहऱ्यावरही कोठून तरी त्या लक्ष्मीची छाया पडली आहे. मात्र हा दोष एकट्या रविवर्म्यांच्या माथी मारता येणार नाही. छपाईचा तो धर्मच आहे.

१९७२ साली मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि जुने बरेच काही जळून गेले. १९७९ साली सरकारने रविवर्म्यांच्या चित्रांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा देऊन ती देशाबाहेर नेण्यास बंदी घातली. राजवाड्यातली चित्रे अशी सुरक्षित झाली. देवघरातल्या चित्रांना कसला दर्जा नाही. ती वापरून वापरून संपतात. पण आपण लहानपणी वाचलेली अमर चित्रकथेची पुस्तके आठवा. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या त्या मालेतील शकुंतला, दमयंती, द्रौपदी यांच्या उभे राहण्यात, पदरात, दागिन्यांत रविवर्मा नाहीत काय? तेथे कुंचल्याने ओढलेली काळी शाईची रेघ आहे, सपाट रंग आहेत, सारे छपाईसाठीच घडवलेले आहे. जे जर्मन कारागिरांना परक्याच्या चित्रावरून ठिपक्याठिपक्याने करावे लागले, ते या मालेच्या चित्रकारांनी पहिल्या रेघेपासून मनात धरले. दोन चित्रांतले अंतर ओळखून काम करणारी ही पुढची पिढी.

रविवर्म्यांनी हे अंतर ओळखले नव्हते असे नाही. पण दोन्ही आपल्याकडे असावीत, हात एका राजासाठी चालावा आणि चित्र साऱ्या रयतेला मिळावे, हा त्यांचा हट्ट होता. तो त्यांना पैशात महाग पडला. आपल्याला मात्र त्याचे देणे लागले नाही. आपण आयतेच धनी झालो.

आमच्या त्या मित्राने अस्तंब्याची दोन्ही चित्रे जपून ठेवली आहेत. पेन्सिलीचे एका प्राध्यापकांनी मागून घेतले होते, ते त्याने नम्रपणे नाकारले. शाईचे मात्र ज्याने मागितले त्याला त्याची प्रत दिली. सुट्टीत गावी गेलो तेव्हा मी आजीच्या लक्ष्मीची काच काढून पुसली. साडीवरचे ठिपके आता जवळून दिसू लागले. कोणा अनामिक कारागिराने दगडावर उलटे बसवलेले, एकेक. आजीने मला बाजूला सारले, काच पुन्हा बसवायला लावली आणि दिवा लावला.